वाकलेल्या पाठीपासून सुरुवात करा: शाईच्या जुन्या रेखाटनांतले कष्टकरी कसे पाहायचे

भातखाचरात दिवसभर आवणी केलेल्या माणसाला चित्रात वाकलेली पाठ दिसली की आधी स्वतःची कंबर आठवते. आमच्याकडे मावळात आषाढात आई चिखलात उभी राहून रोपं लावायची. संध्याकाळी बांधावर आल्यावर तिला सरळ उभं राहायलाही थोडा वेळ लागायचा. पुढे मी शहरात आलो, जुनी चित्रं पाहायचा नाद लागला, आणि इतरांसारखाच मीही आधी चेहरे पाहू लागलो. डोळे, ओठ, मुद्रा. कष्टकऱ्यांच्या चित्रात या रीतीने फारसं काही हाती लागत नाही, हे उमगायला मला बरीच वर्षं लागली. ज्यांच्यापाशी चित्र काढून घ्यायला पैसा होता त्यांचे चेहरे रंगले. ज्यांनी काम केलं त्यांच्या वाट्याला पाठ, मनगट आणि पोटरी आली, तीही बहुतेक वेळा रंगात नाही, शाईत.

म्हणून शाईची रेखाटनं पाहायची माझी रीत इथे पायरीपायरीने मांडतो आहे. कलेचे विद्यार्थी, इतिहासाचे शिक्षक आणि घरी बसून संग्रहालयांची संकेतस्थळं चाळणारे, तिघांनाही ती वापरता येईल. उदाहरणं मोजकीच घेतली आहेत: सोळाव्या शतकातल्या फ्लँडर्समधल्या (आजच्या बेल्जियमकडच्या) पीटर ब्रूगेल या चित्रकाराची दोन रेखाटनं, १६६४ साली अॅमस्टरडॅममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांने काढलेली एक मुलगी, आणि १९४३ च्या दुष्काळातला बंगाल. काळ आणि मुलूख वेगवेगळे आहेत, पण प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच आहे: इथे शाई कोणावर खर्ची पडली?

पायरी १: चित्र पूर्ण आकारात मिळवा आणि त्याचं माप लिहून ठेवा

फेसबुकवर फिरणारं, कडा छाटलेलं चित्र या कामाला उपयोगाचं नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आपल्याकडच्या जुन्या कलाकृतींची मोठ्या आकाराची छायाचित्रं फुकट उतरवून घेऊ देतात. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयाची रेखाटनंही त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. चित्र उतरवलंत की त्याखालची नोंद आधी वाचा: साल, माध्यम, माप.

माप महत्त्वाचं का? ब्रूगेलचं ‘वसंत’ हे १५६५ सालचं रेखाटन साधारण २२ बाय २९ सेंटीमीटरचं, म्हणजे आपल्या ए-फोर कागदाएवढं आहे. रेम्ब्रांने काढलेल्या त्या मुलीचं चित्र जेमतेम १७ बाय ९ सेंटीमीटर भरेल. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही सारखीच मोठी दिसतात आणि तिथेच फसगत होते. एक कागद मेजावर पसरून, बसून, बारकाईने काढलेला आहे, तर दुसरा हातात मावणारा. रेखाटन कुठे आणि कशा परिस्थितीत झालं असेल याचा पहिला अंदाज मापावरून येतो. मी त्या मापाचा कोरा कागद कापून शेजारी ठेवतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचं पाहणं बदलून जातं.

पायरी २: शाई आणि कागद ओळखा

जुन्या युरोपीय रेखाटनांच्या नोंदीत ‘तपकिरी शाई’ हे शब्द सतत भेटतात. यातली बरीचशी शाई लावताना काळी किंवा काळपट होती. हिराकस आणि मायफळ यांच्या संयोगातून ती व्हायची. मायफळ म्हणजे तेच, बाळगुटीत उगाळतात ते. या शाईत लोह असतं, काळाच्या ओघात ती तपकिरी पडते आणि दाट लावली असेल तिथे कागदही खाते. तपकिरी दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे लाकडाच्या काजळीपासून केलेली शाई, ती मुळातच तपकिरी असते. आपल्याकडची मोडी कागदपत्रं पाहिली असतील तर फरक चटकन कळेल. पेशवे दफ्तरातले बोरूने लिहिलेले कितीतरी कागद आजही काळेभोर दिसतात, कारण ती शाई काजळाची आणि कार्बन उडत नाही.

याचा वर्गाशी, म्हणजे मालक-मजूर या भेदाशी, संबंध काय, असं कोणी विचारेल. युरोपात हिराकस-मायफळाची शाई ही कचेरीची शाई होती. भाडेपट्टे, कर्जाचे कागद, न्यायालयाचे निकाल तिनेच लिहिले जात. ज्या दौतीतून कुळाची बाकी लिहिली गेली तशाच दौतीतून त्या कुळाची पाठही रेखाटली गेली. हे मनात ठेवलं की रेखाटन एकटं राहत नाही, त्याच्या आसपासची सगळी कागदपत्रं दिसायला लागतात. पायरी ७ मध्ये त्यांची गरज पडणार आहे.

कागदाचंही तेच. १९४३ मध्ये कोलकात्यात बंगाली चित्रकार जैनुल आबेदिन यांनी दुष्काळग्रस्तांची रेखाटनं केली ती चिनी शाई आणि ब्रशने, सामान बांधायच्या स्वस्त कागदावर. महायुद्धाचे दिवस, सगळ्याचीच टंचाई. तो भुरकट कागद आणि त्यावरचा जाड काळा फटकारा यांत आज आपल्याला सौंदर्य दिसतं, आणि ते आहेच. पण नोंदवहीत लिहिताना आधी एवढंच लिहा: कागद स्वस्त, शाई काळी, ब्रश एकच.

पायरी ३: चेहरे झाका, पाठी मोजा

हा या सगळ्या रीतीचा गाभा आहे, म्हणून इथे घाई नको.

ब्रूगेलचं ‘ग्रीष्म’ घ्या. १५६८ सालचं हे रेखाटन हँबुर्गच्या कुन्स्टहालेमध्ये आहे. विषय सुगीचा. समोरच एक माणूस डोकं मागे टाकून मोठ्या मडक्यातून घटाघटा पाणी पितो आहे, चेहरा मडक्याआड गेलेला. एका बाईच्या डोक्यावर भाजीपाल्याची टोपली आहे, ती अशी बसली आहे की बाईला डोकंच नाही, टोपलीच आहे असं वाटावं. इतरांचेही चेहरे टोपीखाली किंवा कामाच्या दिशेला वळलेले. कागद एकदा वरून खाली पाहून काढा आणि ओळखण्याजोगा चेहरा किती जणांना आहे ते मोजा.

हे काही हात कच्चा असल्यामुळे झालेलं नाही. ब्रूगेल चेहरे काढण्यात वाकबगार होता. त्याच सुमाराचं मधमाश्या पाळणाऱ्यांचं त्याचं एक रेखाटन बर्लिनमध्ये आहे. त्यात माणसांच्या तोंडावर विणलेले मुखवटे आहेत आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं वेताचं गोल जाळं दिसतं. मला यात ठरवून केलेली निवड दिसते: कामात बुडालेला माणूस पाहणाऱ्याकडे पाहत नाही. आपल्याला त्याची ओळख पटावी अशी त्याची काहीच इच्छा नाही, त्याला तहान लागली आहे.

आता प्रत्यक्ष करायचं ते असं. चित्राची साध्या कागदावर छापील प्रत काढा. सगळे चेहरे पेन्सिलीने गोल करून झाका. मग प्रत्येक देहाच्या मणक्यावर एक रेघ ओढा, मानेपासून माकडहाडापर्यंत. रेघा ओढून झाल्या की कागद लांब धरून बघा. काही रेघा ताठ उभ्या असतील, काही कमानीसारख्या, काही आडव्या. ‘वसंत’मध्ये हे केलं की बागेचं सगळं राजकारण उघडं पडतं. पुढच्या भागात आखीव वाफे आहेत, माणसं जमीन खणताहेत, रोपं लावताहेत, वाफे सारखे करताहेत. त्यांच्या रेघा वाकलेल्या. आणि कामावर देखरेख करणारी मालकीणबाई आहे, तिची रेघ सरळ. तिच्या हातात चाबूक नाही, चेहऱ्यावर क्रौर्य नाही. ती फक्त ताठ उभी आहे, आणि बाकीचे तसे उभे नाहीत.

मागे मेंढ्यांची लोकर कातरणं चाललं आहे, त्याच्याही मागे मांडवाखाली मौजमजा. मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने एकाच कागदावर आहेत. मार्चचं खणणं सगळ्यात पुढे आणि मोठं, मेची मेजवानी सगळ्यात मागे आणि लहान. श्रीमंतांच्या करमणुकीला त्याने बोटभर जागा दिली आणि खणणाऱ्याला अर्धा कागद. शाई कोणावर खर्ची पडली याचं इतकं स्वच्छ उत्तर फार थोड्या चित्रांत मिळतं.

पायरी ४: अवजार ओळखा, पण आपलं नाव चिकटवायची घाई करू नका

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

‘वसंत’मधल्या खणणाऱ्याच्या हातातल्या वस्तूला मी सरळ फावडं म्हणून मोकळा झालो होतो. पण आपलं फावडं आपण स्वतःकडे ओढतो, त्यासाठी वाकावंच लागतं. तिकडच्या त्या अवजाराचा दांडा सरळ, पातं सरळ, ते पायाने दाबून जमिनीत घुसवतात आणि मग माती उलटतात. भार कमरेवर येतो तसाच पायावरही. पिकाची कापणी घ्या. आपल्याकडे विळा, उकिडवं बसून किंवा कमरेत मोडून मूठ मूठ कापायचं. ‘ग्रीष्म’मध्ये लांब दांड्याचा, मोठ्या वाकड्या पात्याचा कोयता आहे. तो उभ्याने, अख्खं अंग फिरवून चालवतात. पात्याचा पल्ला मोठा, त्यामुळे एक माणूस पुष्कळ कापतो आणि मागे पेंढ्या बांधायला दुसरी माणसं लागतात. हत्यार बदललं की देहाची ठेवण बदलते, आणि कोणतं काम पुरुषांचं, कोणतं बायकांचं हेही बदलतं. आपल्या विळ्याची सवय असलेल्या नजरेने ते चित्र पाहिलं तर उभा कापणारा माणूस आरामात आहे असं वाटेल. तो आरामात नाही. तासाभरात त्याचे खांदे भरून येतात.

त्यामुळे अवजारापुढे तीन गोष्टी लिहा: ते ढकलायचं की ओढायचं, एका हाताचं की दोन हातांचं, आणि ते मालकाचं असेल की कामगाराचं. तिसऱ्याचं उत्तर चित्रात क्वचितच मिळतं. पण प्रश्न लिहून ठेवावा, कारण स्वतःचं हत्यार असलेला कारागीर आणि फक्त हात घेऊन आलेला मजूर हे एकाच वर्गातले नव्हेत.

आणखी एक सावधगिरी. ब्रूगेलची ही दोन्ही रेखाटनं छापासाठी केलेली होती. ‘वसंत’चा तांब्याच्या पत्र्यावरचा छाप पीटर व्हान डेर हेडेनने कोरला आणि अँटवर्पच्या हिरोनिमस कॉकने १५७० मध्ये प्रकाशित केला. पत्र्यावरून छापताना चित्र उलटं होतं, डावं ते उजवं. छापासाठीच्या रेखाटनात कामगार डावखुरा दिसला तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. शक्य असेल तिथे रेखाटन आणि छाप शेजारी ठेवून तपासा. (चार ऋतूंपैकी ब्रूगेलचे दोनच झाले. १५६९ मध्ये तो गेला आणि शरद व शिशिर हान्स बोल या चित्रकाराने पूर्ण केले.)

पायरी ५: चौकट कोण ओलांडतं ते बघा

‘ग्रीष्म’कडे पुन्हा या. पाणी पिणाऱ्या त्या माणसाचा पाय चित्राच्या खालच्या रेघेच्या बाहेर आलेला आहे, कोयत्याचं पातंही. कागदावर आखलेली चौकट त्याला पुरलेली नाही. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पायाकडेच पाहत राहिलो होतो. घरात टांगायला घेतलेल्या शेतकऱ्याच्या चित्रातून शेतकऱ्याचा पाय आपल्या अंगावर येतो.

कारण हे छाप घेणारे लोक शहरातले होते. त्या काळचं अँटवर्प म्हणजे सुमारे १ लाख वस्तीचं व्यापारी बंदर. सुगीचं चित्र विकत घेणाऱ्याने हयातीत कोयता धरलेला असेलच असं नाही. चित्र कोणाच्या हातात पडणार होतं, हा प्रश्न इथेच विचारायचा. कोणी पैसे मोजले, किती प्रती निघाल्या, कोणाच्या भिंतीवर गेलं. कष्टकऱ्याचं चित्र बहुतेक वेळा कष्टकऱ्यासाठी नसतं, हे धरूनच चालावं आणि अपवाद सापडला तर त्याचा आनंद मानावा.

पायरी ६: खालची ओळ वाचा — तिथे नाव आहे की जात?

कंपनी सरकारच्या काळात पाटणा, तंजावर, लखनौ अशा ठिकाणी आपल्या चित्रकारांनी इंग्रज गिऱ्हाइकांसाठी धंद्यांचे संच रंगवले: सुतार आणि त्याची बायको, भिस्ती, धोबी, न्हावी. कागदावरही आणि अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवरही. प्रत्येकाच्या हातात त्याचं हत्यार, खाली धंद्याचं किंवा जातीचं नाव. माणसाचं नाव नाही. साहेबाला त्या न्हाव्याशी कर्तव्यच नव्हतं, त्याला ‘न्हावी’ हवा होता. माझ्या मते ही चित्रं कितीही देखणी असली तरी ती माणसं मोजण्याच्या वृत्तीतून आली आहेत आणि तसंच त्यांच्याकडे पाहायला हवं.

याच काळातला आपला एक माणूस इथे आठवायलाच हवा. पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील (म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी) चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यांनी १७९० च्या दशकात वेरूळच्या लेण्यांसह पुष्कळ काही रेखाटलं. त्यांची कितीतरी चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. आडनाव बघा. पुण्यात कसब्यातली तांबट आळी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, तांब्याची भांडी ठोकणाऱ्या समाजाचं ते नाव. म्हणजे चित्रातल्या माणसाचाच वर्ग शोधून थांबू नका, चित्र काढणारा हातही कामाचाच असू शकतो. त्याचं नाव टिकलं, हे त्या काळी सर्रास घडणारं नव्हतं.

आता याच्या शेजारी बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद ठेवा. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मिदनापूर जिल्ह्यात फिरले. आदल्या वर्षी १६ ऑक्टोबरला त्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेलं होतं. त्याच वर्षी जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरच्या होड्या काढून घेतल्या होत्या. कोळ्याची होडी गेली म्हणजे त्याचं पोटच गेलं. या दुष्काळात बंगालमध्ये २० ते ३० लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे, आणि मृत्यूने घरं पाहून पाऊल टाकलं: शेतमजूर, कोळी, भात कांडून पोट भरणाऱ्या बायका आधी गेल्या. ज्याच्या कणगीत धान्य होतं तो जगला.

चित्तप्रसाद यांनी रेखाटनांसोबत माणसांची नावं टिपली, गावं टिपली, कोण काय करायचं आणि घरातलं कोण गेलं ते लिहिलं. ‘भुकेलेला’ असा नमुना त्यांनी काढला नाही, एकेक माणूस काढला. पुढे ‘हंग्री बेंगॉल’ या नावाने ती पुस्तिका निघाली तेव्हा इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पाच हजार प्रती जाळल्या गेल्या असं सांगतात. कुटुंबाने जपलेली एक प्रत वाचली म्हणून आज आपल्याला ती पाहता येते.

शाईच का, याचं एक साधं कारण तंत्रात आहे. चित्तप्रसाद यांची चित्रं कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांत छापली जात आणि पक्षाचं मुख्यालय तेव्हा मुंबईत होतं. तेव्हा छपाईसाठी वापरत त्या रेघांच्या जस्ती ब्लॉकवर (जस्ताच्या ठशावर) निव्वळ काळं आणि पांढरं उठतं. कोळशाची किंवा पेन्सिलची मऊ छाया त्यावर गमावते. शाईची रेघ मात्र वाचकापर्यंत जशीच्या तशी पोहोचते. पुढे ते मुंबईतच अंधेरीला राहिले. बंगालच्या त्या हाकेला मराठीतूनही ओ दिली गेली: अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला तो याच दुष्काळावर. रेखाटन पाहताना अशा शाहिरीचा आधार घ्यायला मागेपुढे पाहू नका. कामगारांच्या इतिहासात गाणं हे कागदाइतकंच मोलाचं दस्तऐवज असतं.

पायरी ७: चित्राबाहेरचा कागद शोधा

रेम्ब्रांने काढलेली ती मुलगी म्हणजे एल्शे क्रिस्टियान्स. डेन्मार्कच्या जटलंडची, वय १८. १६६४ च्या वसंतात मोलकरणीचं काम शोधायला ती अॅमस्टरडॅमला आली आणि एका बाईकडे भाड्याने राहिली. काम मिळालं नाही, भाडं थकलं. घरमालकिणीने भाड्यासाठी तगादा लावला, झाडूने मारलं, आणि मुलीने हाताशी असलेली कुऱ्हाड उचलली. घरमालकीण मेली. मे महिन्याच्या सुरुवातीला एल्शेला भर चौकात गळा आवळून मारण्यात आलं. मग तिचं प्रेत पाण्यापलीकडच्या व्होलेव्हाइक या जागेवर खांबाला बांधून ठेवलं, शेजारी ती कुऱ्हाड टांगून, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावं म्हणून.

रेम्ब्रां तेव्हा ५७ वर्षांचा होता, आठ वर्षांपूर्वी दिवाळं निघालेला. त्याने तिची दोन रेखाटनं केली, एक समोरून आणि एक बाजूने. दोन्ही आज मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. व्होलेव्हाइकवर इतरही प्रेतं होती, ती त्याने घेतली नाहीत. फक्त ती, खांब, दोऱ्या, कुऱ्हाड. घागऱ्याच्या चुण्या त्याने पाण्यात पातळ केलेल्या शाईने अशा सोडल्या आहेत की कापडाचं वजन जाणवावं. हात दोन्ही बाजूंना लोंबताहेत. हेच ते हात, ज्यांना काम मिळालं नाही.

तीनशे वर्षं हे चित्र पाहणाऱ्यांना ती कोण हेच माहीत नव्हतं. शैलीवरून अभ्यासक चित्राचा काळही काही वर्षं आधीचा धरत. १९६९ मध्ये इसाबेला व्हान एखेन या अॅमस्टरडॅमच्या दफ्तरखान्यातल्या अभ्यासक बाईंनी न्यायालयाच्या जुन्या नोंदींशी चित्र ताडून पाहिलं. नाव, वय, गुन्हा, भाडं, सगळं सापडलं, आणि चित्राचं सालही पक्कं झालं. दफ्तराची ताकद ही अशी असते. पायरी २ मध्ये म्हटलं होतं ते आठवा: निकाल आणि रेखाटन दोन्ही शाईचेच.

आता तुलना करा. अँटोनी व्हान बोर्सोम या चित्रकारानेही त्याच सुमाराला व्होलेव्हाइक रेखाटलं. त्याने सगळा देखावा घेतला: फाशीच्या खांबांची मोठी मांडणी, मोकळं आकाश, आणि कडेला आखूड खांबावर एल्शे. एकासाठी ती देखाव्याचा भाग आहे, दुसऱ्यासाठी ती अख्खा कागद आहे. दोन्ही चित्रं उतरवून शेजारी ठेवा आणि एल्शेने प्रत्येकात कागदाचा कितवा भाग व्यापला आहे ते पट्टीने मोजा. मत मांडायची घाई नको, आधी माप लिहा.

आपल्या संशोधनात हे कसं करायचं? चित्राचं साल आणि गाव कळलं की त्या गावची वेतनाची, कराची, न्यायालयाची, दवाखान्याची नोंद कुठे ठेवली आहे याचा शोध घ्या. मराठी मुलखातल्या चित्रासाठी पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, पण त्यासाठी मोडी यायला हवी. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. शिकून घ्या, काही महिन्यांचं काम आहे, आणि एकदा अक्षर लागलं की एखाद्या कागदात बिगाऱ्यांच्या नावांची यादी भेटते तेव्हा अंगावर काटा येतो.

पायरी ८: एकच देह वेगवेगळ्या सालांत बघा

एका चित्रावरून वर्गाबद्दल बोलणं धोक्याचं असतं. निदान दोन सालांतली चित्रं रांगेत लावा. बंगालचंच उदाहरण पुरे आहे.

१९४३: जैनुल आबेदिन यांची माणसं बहुधा आडवी आहेत. फुटपाथवर पडलेली, कचऱ्याच्या पेटीपाशी वाकलेली, बाजूला कावळे आणि कुत्री. ब्रशच्या थोड्याच फटकाऱ्यांत बरगड्या. जैनुल स्वतः मैमनसिंगच्या बाजूचे. कोलकात्याच्या रस्त्यावर मरणारी माणसं त्यांच्यासारख्याच खेड्यांतून आलेली होती, ती त्यांना परकी नव्हती.

१९४६: चित्रकार सोमनाथ होर, वय पंचविशीचं, डिसेंबरात रंगपूर भागात गेले. तेभागा आंदोलन पेटलं होतं. निम्म्या वाट्याने जमीन कसणाऱ्या बटाईदारांची मागणी होती की पिकाचे तीन वाटे करा आणि दोन आम्हाला द्या. होर यांनी रोजनिशी लिहिली आणि शेजारी रेखाटनं केली: सभेला बसलेले शेतकरी, भात कापणारे, बोलणारे. आता देह बसलेले आणि उभे आहेत. मान वर आहे. चेहरेही परत आले आहेत, कारण आता त्या माणसांना काही म्हणायचं आहे.

पायरी ३ मधली मणक्याची रेघ या चित्रांवरही ओढा. आधी आडवी, मग उभी. तीन वर्षांत तोच शेतकरी वर्ग, तोच मुलूख. अशी रांग तुम्हाला कोणत्याही विषयावर लावता येईल: गिरणी, बंदर, खाण, मोलकरीण. फक्त एकाच कामाची आणि शक्यतो एकाच मुलखाची चित्रं घ्या, नाहीतर तुलना भरकटते.

पायरी ९: बोरू घ्या आणि उतरवून पाहा

हे टाळू नका. चित्रकला येत नसली तरी चालेल.

वाळलेल्या बोरूचं साधारण वीतभर लांबीचं कांडं घ्या, टोक तिरकं कापा, मधोमध बारीक चीर द्या. बोरू मिळाला नाही तर बांबूची काडी चालते. दुकानात मिळणारी काळी चिनी शाई थोडी पाणी घालून पातळ करा. ‘ग्रीष्म’मधला पाणी पिणारा माणूस समोर ठेवा आणि फक्त त्याची पाठ, मान आणि वर गेलेला हात उतरवा. आधी पेन्सिल वापरायची नाही. शाईत खोडता येत नाही, आणि चुकलेली रेघ तशीच राहते, हेच शिकायचं आहे.

दोन-तीन वेळा केलंत की लक्षात येईल, बोरूत शाई फार टिकत नाही. पाच-सात रेघांनी तो सुकतो आणि परत दौतीकडे जावं लागतं. म्हणजे जुन्या चित्रातली प्रत्येक गडद जागा हा कोणीतरी पुन्हा दौतीत बुडवून आणलेला बोरू आहे. मूळ चित्र पुन्हा पाहा आणि कुठे कुठे तो बुडवला गेला असेल ते शोधा: खांद्यावर, पोटरीवर, हाताच्या मुठीवर.

शेवटी उठा आणि त्याच ठेवणीत उभे राहा. मडकं नसेल तर घरातला पाण्याचा हंडा चालेल, अर्धा भरलेला. दोन्ही हातांनी उचला, डोकं मागे टाका, आणि हात थरथरायला लागेपर्यंत तसेच थांबा. किती सेकंद झाले ते नोंदवहीत चित्राच्या मापाखाली लिहा.